बनियनच्या यात्रेकरूचं गाइड करू नका

प्रश्न: जय ख्रिस्त. आमची दर शुक्रवारी संध्याकाळी घरसभा असते, आठ-दहा जण जमतो. नाताळपर्यंत जॉन बनियनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’, म्हणजे क्रिश्चन नावाच्या यात्रेकरूच्या स्वर्गाकडच्या प्रवासाची रूपककथा, पूर्ण करायचं ठरलं आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं कारण मी रिटायर्ड शिक्षिका. मी तक्ते केले, एका कॉलमात पात्राचं नाव, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात बायबलचं वचन. पहिले काही शुक्रवार बरे गेले, आता पोरं मोबाइल बघत बसतात. एक मावशी म्हणतात काल्पनिक गोष्टी कशाला, सरळ शास्त्र वाचूया. कॉलेजातला एक मुलगा म्हणतो हा हिरो बायकापोरांना टाकून पळाला, त्याच्याकडून काय शिकायचं? वसईची एक सून येते, माहेर कॅथलिक, ती ‘पोप’ नावाच्या राक्षसापाशी आल्यावर गप्पच झाली. आणि गेल्या शुक्रवारी कहर झाला. डाउटिंग कासल, म्हणजे शंकेच्या किल्ल्यातल्या कैदेचा भाग चालू होता, आमच्यातल्या एका मुलीची नोकरी गेलीय, आधीच खचलीय, तिला मावशी म्हणाल्या, किल्ली आपल्याच खिशात असते गं, तुझा विश्वास कमी पडतोय. ती उठून निघून गेली. पुस्तक बंद करू का? नाताळच्या कार्यक्रमात यावर छोटं नाटक बसवायचं मनात होतं, तेही सोडून देऊ का?
— एक ताई, पिंपरी

ताई, जय ख्रिस्त.

पुस्तकाचं नंतर बघू, आधी त्या मुलीला फोन करा. मेसेज नको, फोन, आणि जमलं तर घरीच जा. झोप लागते का, जेवते का, हे विचारा, आणि नसेल तर डॉक्टरकडे घेऊन जा, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास असं कोणी घरसभेत म्हणालं तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा. ती परत येईल न येईल, तिच्यामागे लागू नका.

आता त्या किल्लीचं. मावशींनी गोष्टीचा शेवट तेवढा लक्षात ठेवलाय, मधलं सगळं विसरल्यात, आणि खरी गंमत मधेच आहे. तो भाग परत काढून वाचा, सावकाश. रस्ता खडबडीत होतो, दोघांचे पाय दुखायला लागतात, डाव्या हाताला कुरण दिसतं, कुंपणावरून पलीकडे उतरायला पायऱ्या असतात आणि पलीकडची पायवाट अगदी रस्त्याला लागूनच चाललेली असते. तिकडून जाऊया म्हणतो कोण? क्रिश्चन. म्हणजे जो सीनियर आहे, ज्याच्या पाठीवरचं ओझं वधस्तंभापाशी कधीच पडलंय, जो अपोलियन नावाच्या राक्षसाशी लढून आलाय, तो. त्याचा सोबती होपफुल नवीन आहे, तो बिचारा विचारतो की ही वाट आपल्याला भलतीकडे नेणार नाही ना, तर हा म्हणतो छे, बघ की, रस्त्याला लागूनच तर आहे. मग रात्र, पाऊस, विजा, पाणी चढायला लागतं, पुढे चाललेला माणूस खड्ड्यात पडतो, तेव्हा क्रिश्चन होपफुलची माफी मागतो आणि म्हणतो परत फिरताना मी पुढे होतो, धोका असला तर आधी मला होऊ दे, माझ्यामुळे आपण इथे आलो. होपफुल म्हणतो नको, तुझं मन आत्ता ठिकाणावर नाही, तू पुढे गेलास तर परत चुकवशील. ‘विश्वास कमी पडतोय’ असं काही तो बोलत नाही, नुसता पुढे होतो.

मग त्या किल्ल्याचा मालक जायंट डिस्पेअर, निराशेचा राक्षस, त्यांना पकडतो आणि बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत कोठडीत टाकतो. भाकरीचा तुकडा नाही, पाण्याचा थेंब नाही, उजेड नाही, वर सोटा घेऊन येतो आणि बडवतो. दुसऱ्या दिवशी तर सरळ सांगतो की इथून सुटका नाही, त्यापेक्षा जीव द्या. आणि क्रिश्चन डळमळतो, हो, हिरो डळमळतो, म्हणतो असं जगण्यापेक्षा मरण बरं वाटतंय. त्याला जिवंत कोण ठेवतं? होपफुल, आणि ते पण बोलून बोलून. कदाचित हा राक्षसच मरेल, कदाचित एखाद्या दिवशी कुलूप लावायला विसरेल, कदाचित त्याला परत फिट येईल आणि हातपाय गळतील, आणि तू आठव, व्हॅनिटी फेअरच्या बाजारात तू कसा उभा राहिलास, तिथे साखळीला घाबरला नाहीस की पिंजऱ्याला. असं तो परत परत सांगतो. शनिवारी मध्यरात्री दोघं प्रार्थनेला बसतात ते जवळजवळ उजाडेपर्यंत, आणि मग, ताई हे नीट बघा, क्रिश्चनच अचानक म्हणतो अरे मी किती मूर्ख, माझ्या छातीशी प्रॉमिस नावाची किल्ली आहे की. होपफुल त्याला सांगत नाही की किल्ली तुझ्याकडेच होती. बाहेर उभं राहून कोणी ओरडत नाही. ज्याची किल्ली त्यालाच आठवते, चार दिवसांनी, आणि ती पण तेव्हा जेव्हा शेजारी कोणीतरी रात्रभर बसलेलं असतं. शेवटचं कुलूप तर इतकं घट्ट निघतं की मरणाचा जोर लावावा लागतो, फाटक करकरतं, राक्षस जागा होतो, नशीब की त्याला नेमकी फिट येते.

मावशींना हे चारचौघांत सुनावू नका, पुढच्या वेळी हा उतारा त्यांनाच मोठ्याने वाचायला द्या. होपफुलची वाक्यं त्यांच्या तोंडून येऊ देत.

आणि ती मुलगी आली तर तिला दुसऱ्या भागातलं एक पान दाखवा. तो भाग 1684 चा. त्यात डाउटिंग कासल पाडतात, पाडायला सात दिवस लागतात, आत एक म्हातारा आणि त्याची मुलगी सापडतात, मुलीचं नाव मच-अफ्रेड, फार घाबरलेली. किल्ला पडल्यावर वाजवायला सुरुवात होते आणि रेडी-टू-हॉल्ट नावाचा कुबडीवाला त्या मुलीचा हात धरून भर रस्त्यात नाचतो, एका हातात कुबडी, एका हातात तिचा हात. लेखक वर सांगतो की कुबडीशिवाय नाचता येत नव्हतं खरं, पण नाचला मात्र झकास. हे ज्याने लिहिलं तो माणूस स्वतः कित्येक वर्षं या किल्ल्यात राहून आलेला होता. आपण क्षमा न होणारं पाप केलंय या विचाराने तो किती झुरला ते त्याच्या 1666 च्या आत्मकथनात आहे आणि ते वाचताना आपल्यालाच धाप लागते.

आता तुमचे तक्ते. ताई, रागावू नका, पण ते बंद करा. परीक्षेचं गाइड कसं असतं, प्रश्न आणि खाली उत्तर, धड्याला हात लावायची गरजच नाही, तसं झालंय हे. या पुस्तकात तर लेखकानेच सगळ्यांच्या कपाळावर नावं लिहून ठेवलीत, ऑब्स्टिनेट हट्टी आहे, प्लायेबल वाकवाल तसा वाकतो, टॉकेटिव्ह नुसता बोलतो, हे लिहून घ्यायला पोरं शुक्रवारी कशाला येतील, मोबाइलच बघणार. नावाचा अर्थ फुकट मिळालाय तर अभ्यास कशाचा? तो माणूस बोलतो काय, आणि आपला शहाणा यात्रेकरू त्याच्या बोलण्यात येतो कसा, याचा.

तर असं करा, नावं झाका. मिस्टर वर्ल्डली वाइजमनचा प्रसंग घ्या आणि वाचताना नाव न घेता ‘एक सभ्य गृहस्थ’ म्हणा. क्रिश्चन नुकताच निराशेच्या दलदलीतून वर आलाय, चिखलाने बरबटलाय, पाठीवर ओझं तसंच, आणि हे गृहस्थ किती आपुलकीने चौकशी करतात बघा. म्हणतात अरे या वाटेला लागलास कशाला, पुढे उपाशी मरशील, वाघसिंह आहेत, इथे जवळच एक चांगलं गाव आहे, तिथे एक सज्जन राहतात, ते ओझी उतरवून देतात, घरी नसले तर त्यांचा मुलगा आहे. आणि घरं रिकामी आहेत, भाडं वाजवी, खाणंपिणं स्वस्त आणि चांगलं, बायकोमुलांनाही बोलवून घे! मग थांबा आणि विचारा, तुम्ही गेला असता का? सगळे हो म्हणतील, मी पण गेले असते, कारण यात वाईट काहीच नाही ना, भाडंसुद्धा वाजवी आहे. त्यानंतरच नाव सांगा आणि पुढचं वाचा, ते गाव म्हणजे मोरॅलिटी, नुसत्या चांगुलपणाचं गाव, वाटेत सीनाय डोंगर असा अंगावर झुकलेला की आता कोसळतो की काय, आणि ओझं हलकं व्हायच्या ऐवजी जास्तच जड झालंय. नियमशास्त्राने तारण नाही हे पौलाचं सगळं गलतीकरांस पत्र पोरांना इथे एका डोंगराच्या पायथ्याशी कळतं. हा प्रसंग पहिल्या आवृत्तीत नव्हताच बरं का, पुस्तक 1678 साली आलं आणि त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली त्यात बनियनने तो घातला, आणि आज त्याच्याशिवाय पुस्तकाची कल्पनाच करवत नाही. (पोरं ‘बनियन’ नावाला हसणार, हसू द्या, एकदा हसून झालं की संपतं.)

असंच टॉकेटिव्हचं करा, बाय-एंड्सचं करा. बाय-एंड्स तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, धर्म चांदीच्या सपाता घालून उन्हात फिरत असेल आणि लोक टाळ्या वाजवत असतील तेव्हा हा त्याच्यासोबत. नावं झाकून वाचलं की हे सगळे फार चांगले लोक वाटायला लागतात आणि तिथेच चर्चा पेटते.

सगळं पुस्तक नाताळपर्यंत संपवायचा हट्ट सोडा. यात्रेकरूंना चित्रांतून शिकवणाऱ्या इंटरप्रिटरच्या घरातली सगळी चित्रं एका दिवसात उरकू नका, एक धूळवाली खोली घ्या आणि एक भिंतीजवळची आग. कोणीतरी आगीवर सारखं पाणी ओततंय तरी ती वाढतेच आहे, का, तर भिंतीच्या मागे एकजण गुपचूप तेल घालतोय. तेवढंच पुरे आहे एका शुक्रवारला, बाकीचं ज्याला वाचायचं तो घरी वाचेल. मोठ्या संवादांपैकी काही लांबतात हेही खरं, होपफुल आणि इग्नोरन्सच्या शेवटच्या गप्पा मला स्वतःला कंटाळवाण्या वाटतात, गाळा त्यातल्या थोड्या, बनियन काही म्हणणार नाही. इग्नोरन्सचा शेवट मात्र गाळू नका, स्वर्गाच्या दारापासूनही नरकाला वाट जाते हे वाक्य कडू आहे, पण ते कडूच राहू द्या, गोड करून सांगाल तर पोरांना लगेच कळतं.

इंग्रजी जड जात असेल तर आधी मराठीत कोणीतरी आपल्या बोलण्यात गोष्ट सांगा आणि मग एखादाच उतारा मुळातून वाचा. हे पुस्तक आपल्याकडे काल आलेलं नाही, हरि केशवजींनी ‘यात्रिक क्रमण’ म्हणून 1841 सालीच मराठीत आणलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली 1857 ला. म्हणजे मराठी वाचकाच्या हातात कादंबरीच्या आधी हा यात्रेकरू पोचला होता, हे त्या कॉलेजच्या मुलाला सांगा, त्याला आवडेल.

त्याचा प्रश्न मात्र उडवून लावू नका, प्रश्न बरोबर आहे. क्रिश्चन कानात बोटं घालून पळतो, मागे बायको आणि मुलं हाका मारतायत, आणि हा ‘जीवन, सार्वकालिक जीवन’ ओरडत मैदानात. वाचताना पोटात कालवतंच. पण त्याला दोन गोष्टी दाखवा. पुढे ब्यूटिफुल नावाच्या घरात चॅरिटी त्याला नेमकं हेच विचारते, की बायकामुलांना का नाही आणलंस, आणि तो रडतो, आणि ती त्याला सहजासहजी सोडत नाही, तू त्यांना सांगितलंस का, तुझ्या वागण्यात काही होतं का ज्याने ते मागे राहिले, अशी उलटतपासणी घेते. हा संवादही दुसऱ्या आवृत्तीत घातलेला आहे. आणि दुसरी गोष्ट, लिहिणाऱ्याच्या घरात काय चाललं होतं. बनियन बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा, भांड्यांना डाग देत फिरणारा कारागीर, 1660 च्या नोव्हेंबरमध्ये परवान्याशिवाय प्रचार करतो म्हणून पकडला गेला आणि 1672 पर्यंत तुरुंगात. प्रचार सोडतो म्हणाला असता तर सुटला असता, पण हा म्हणायचा आज सोडलंत तर उद्या परत प्रचार करीन. घरी चार मुलं, त्यातली थोरली मेरी आंधळी. बायको एलिझाबेथ न्यायाधीशांपुढे जाऊन उभी राहिली की चार लहान मुलं आहेत, एक आंधळी, चांगल्या लोकांच्या दानावर जगतोय. तो आत बसून बुटांच्या नाड्यांची टोकं बांधायचा आणि त्या विकून घर चालवायचा, आणि त्याने लिहिलंय की बायकोमुलांपासून दूर होणं म्हणजे हाडावरून मांस ओढून काढल्यासारखं. आता कानात बोटं घालणारा तो प्रसंग परत वाचा म्हणावं. पटेलच असं नाही, मलाही पूर्ण पटत नाही, पण ज्याने लिहिलं त्याला त्याची किंमत माहीत होती एवढं कळेल. दुसऱ्या भागात तीच बायको, क्रिश्चियाना, चारही मुलांना घेऊन निघते आणि तिचा प्रवास जास्त गप्पांचा, जास्त माणसांचा आहे. मला तो जास्त आवडतो, पण हे कुठल्या पाळकसाहेबांना सांगू नका.

वसईच्या सूनबाईंशी सरळ बोला, लपवाछपवी नको. गुहेच्या तोंडाशी बसलेला म्हातारा, नखं खात बसलेला राक्षस, त्याला बनियनने पोप नाव दिलंय, तो सतराव्या शतकातल्या इंग्लंडचा प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, तुरुंगात त्याच्याकडे बायबलसोबत फॉक्सचं हुतात्म्यांचं पुस्तक होतं ज्यात प्रोटेस्टंटांना जाळल्याच्या कथा आहेत, त्यातून हे आलं. चुकीचं वाटत असेल तर चुकीचं म्हणायला त्यांना जागा द्या. पण हेही सांगा की बारा वर्षं त्याला आत टाकणारे कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट राजवटीचेच प्रोटेस्टंट न्यायाधीश होते. एवढं बोलून पुढे जा, त्या पानावर तासभर घालवण्यासारखं काही नाही.

मावशींचं काल्पनिकचं म्हणणं बनियनला आधीच माहीत होतं, पुस्तकाच्या सुरुवातीला त्याची मोठी कविता आहे तीत तो सांगतो की मी लिहिलेलं लोकांना दाखवलं, कोणी म्हणाले जॉन, छाप, कोणी म्हणाले छापू नको, कोणी म्हणाले याने भलं होईल, कोणी म्हणाले नाही. मग तो म्हणतो प्रभूने पण दाखलेच सांगितले की. तर मावशींना शास्त्रवाचनाचं खातंच देऊन टाका. पुस्तकाच्या समासात जागोजागी वचनं दिलेली आहेत, दर शुक्रवारी त्यातली दोन-तीन त्यांनी काढून वाचायची, मृत्युछायेच्या दरीला स्तोत्र 23, शस्त्रसामग्रीला इफिसकरांस पत्र 6, देमासच्या चांदीच्या खाणीला दुसरं तीमथ्य 4. शास्त्रही झालं आणि त्यांचं मनही राहिलं. आणि कोणी फारच उपदेश करायला लागलं तर दलदलीचं वर्णन वाचून दाखवा, राजाच्या माणसांनी सोळाशे वर्षं त्या दलदलीत चांगल्या उपदेशाच्या वीस हजार गाड्या ओतल्या तरी ती भरली नाही. सल्ल्याचं सदर लिहिणारीने हे वाक्य इथे द्यायला नको होतं, पण असो.

वादासाठी एक विषय हवा असेल तर हा घ्या: क्रिश्चनचं ओझं यात्रेच्या सुरुवातीच्या अरुंद दारापाशी का पडत नाही, पुढे वधस्तंभापाशी का पडतं? स्पर्जनसारखा प्रचारक, ज्याने हे पुस्तक शंभराहून जास्त वेळा वाचलं, तोही म्हणायचा की बनियनचं इथे चुकलं, वधस्तंभ दारातच हवा होता. तुमचे रिटायर्ड लोक दोन शुक्रवार भांडतील यावर.

नाटक तर कराच. अपोलियनची लढाई घेऊ नका, पुठ्ठ्याचे पंख आणि पत्र्याची तलवार म्हणजे हसंच होतं. व्हॅनिटी फेअरमधला क्रिश्चनच्या आधीच्या सोबत्याचा, फेथफुलचा खटला घ्या. जज लॉर्ड हेट-गुड, तीन साक्षीदार, एन्व्ही, सुपरस्टिशन आणि पिकथँक, आणि बारा पंच, प्रत्येकाला एक-एकच वाक्य, त्यामुळे लाजाळू पोरांनाही काम मिळतं, माणसं कमी पडली तर संडे स्कूलची मुलं घ्या. पंचांचा प्रमुख मिस्टर ब्लाइंडमॅन, तो उठून म्हणतो, मला स्वच्छ दिसतंय, हा माणूस पाखंडी आहे. मिस्टर मॅलिस म्हणतो याचं तोंडच बघवत नाही. लिव्ह-लूज म्हणतो हा सारखा माझ्या वागण्याला नावं ठेवायचा. मिस्टर लायर म्हणतो हा लबाड आहे, आणि क्रुएल्टी म्हणतो फाशी याला कमीच आहे. संवाद मराठी करताना नावं मराठीच ठेवा, आंधळे, खोटे, अशी आडनावांसारखी, प्रेक्षकांत आजीआजोबा असतात. जाळण्याचा प्रसंग स्टेजवर दाखवू नका, निकाल वाचला की पडदा. आणि ब्लाइंडमॅनचं वाक्य ज्याला द्याल त्याला काळा चष्मा वगैरे देऊ नका हं, अगदी गंभीर चेहऱ्याने, फायलीत बघत म्हणायला लावा, हशा आपोआप येईल.